नऊ जणांचे देऊळ

देवळाला देऊळपण कशाने येते, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. मूर्ती बसली, प्राणप्रतिष्ठा झाली, कळस चढला की देऊळ झाले. पुढे गावात माणूस राहो न राहो, पुजारी दिवा लावो न लावो, देव आपला आत बसलेलाच असतो. आमच्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात तर भिंतींचीही गरज लागत नाही. झाडाखाली शेंदूर फासलेला एक दगड किंवा लाकडाची फळी, तीवर कोरलेला वाघ, चंद्र आणि सूर्य, झाला वाघोबा. वारली माणूस वर्षातून एकदा त्याच्यापुढे नारळ ठेवतो आणि उरलेले वर्ष त्याला एकट्याला राहू देतो. देवाची त्याबद्दल काही तक्रार असल्याचे ऐकिवात नाही.

परंतु जगात एक प्रार्थनाघर असे आहे की ज्याला माणसे मोजून लागतात. भिंती भक्कम असोत, झुंबरे बेल्जमची असोत, आतली पवित्र पोथी कितीही जुनी असो. तेरा वर्षे पुरी झालेले दहा पुरुष जमले नाहीत, तर तिथे ती पोथी उघडून वाचायची नाही आणि समुदायाने म्हणावयाच्या मुख्य प्रार्थना म्हणायच्या नाहीत. नऊ जमले तर नऊ जणांनी आपापले स्तोत्र पुटपुटून घरी जावे. यहुदी धर्माचा हा दंडक आहे. दहांच्या या जमावाला ते ‘मिनयान’ म्हणतात. मॅट्रिकपलीकडे पुस्तकी विद्या नसलेल्या माझ्यासारख्या शाळामास्तराला हा हिशेब जेव्हा प्रथम कळला, तेव्हा डोळ्यांपुढे आले ते आमचे हजेरीपुस्तक.

आणि या दहांनी पुण्यवान असावे अशीही अट नाही, बरे का! मोशेने वचनदत्त भूमी पाहून यायला बारा हेर धाडले होते. त्यांतले दहा घाबरट निघाले आणि त्यांनी परत येऊन सगळ्यांचा धीर खचवला. त्या दहांना धर्मग्रंथात ‘मंडळी’ म्हटले आहे, म्हणून मंडळी म्हणजे दहा, असा त्यांच्या शास्त्र्यांनी अर्थ लावला. मला हे फार आवडले. भल्यांची मोट बांधायची म्हटले तर जगातली सगळीच देवळे बंद ठेवावी लागतील.

यहुदी म्हटले की आपल्याला युरोप आठवतो, आणि ते स्वाभाविकच आहे. प्राग शहरात १२७० च्या सुमारास बांधलेले एक दगडी सिनेगॉग आहे. दोन दालने, मधोमध दोन खांब, आत थोडासाच उजेड. युरोपात आजही ज्यात प्रार्थना होते असे हे सर्वांत जुने सिनेगॉग. साडेसातशे वर्षे तिथे दहा माणसे जमत आली, मधली नाझी अंमलाची काळी वर्षे सोडून. त्याच वस्तीत, काही पावलांवर, १५३५ साली बांधलेले पिन्कास नावाचे दुसरे सिनेगॉग आहे. त्याच्या भिंतींवर चित्रे नाहीत, नक्षी नाही, नावे आहेत. नाझींनी मारलेल्या, बोहेमिया आणि मोराविया प्रांतांतल्या सुमारे ७८ हजार यहुदी माणसांची नावे, हाताने लिहिलेली. ती १९५० नंतरच्या दशकात लिहिली गेली, पुढे भिंतींच्या ओलीने आणि तिथल्या राजवटीच्या बेपर्वाईने नाहीशी झाली, आणि १९९० नंतर पुन्हा एकेक करून लिहून काढली गेली. एका देवळात मोजायला माणसे आहेत आणि शेजारच्या देवळात मोजायला नुसती नावे.

पण मी आज लिहायला बसलो आहे तो प्रागविषयी नव्हे. ती शहरे मी पुस्तकातच पाहिली. मला सांगायचे आहे ते आपल्या कोकणातल्या सिनेगॉगांविषयी. तिथे कुणी आग लावली नाही, कुणाला दाराबाहेर ओढून काढले नाही. आणि तरीही मोजणी नवावर येऊन थांबली आहे.

अलिबागजवळ समुद्रकाठी नवगाव म्हणून गाव आहे. तिथे पुष्कळ शतकांपूर्वी एक गलबत फुटले आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या किनाऱ्याला लागल्या, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरागत कथा आहे. बुडालेल्यांना नवगावात पुरले. त्यांची स्मृती तिथल्या कबरस्थानात आजही जपलेली आहे. वाचलेल्यांची पोथ्यापुस्तके समुद्राने नेली. ती माणसे कोकणच्या गावागावांत पसरली, तेलाचे घाणे घालू लागली, मराठी बोलू लागली. हसाजी, सामाजी, मुसाजी, इसाजी, एलोजी अशी नावे ठेवू लागली. ऐकताना शिवाजी-संभाजीच्या पंगतीतली वाटतात, पण ती आहेत यहेज्केल, शमुवेल, मोशे, इसहाक आणि एलिया! आडनावे गावांची: दिवेकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर, थळकर, अष्टमकर. बायका लुगडी नेसत, गळ्यात मंगळसूत्र घालीत. गावाला त्यांच्यात वेगळे दिसले ते एवढेच, की हे तेली शनिवारी बैल घाण्याला जुंपत नाहीत. म्हणून गावाने त्यांना नाव दिले ‘शनवार तेली’.

या नावाशी मला जरा थांबायचे आहे. गावाला त्या शनिवारचे नवल का वाटले नाही? तर कोकणात ‘सोमवार तेली’ही होते. ते शंकराचे भक्त म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवीत. कुणाचा सोमवार, कुणाचा शनिवार. कुणी अमुक खात नाही, कुणी तमुक शिवत नाही. शंभर जातींच्या शंभर रीती असताना एकशे एकावी रीत कुणाच्या डोळ्यांत खुपणार? शनिवार का, हे कुणी विचारले नाही. खवले आणि पर असलेलेच मासे का घेता, कोळंबी आणि खेकडे का सोडता, हेही कोळणीने विचारले नाही. तिने खवल्यांचे मासे वेगळे काढून दिले. पुढे दावीद राहाबी नावाचा एक विद्वान यहुदी कोकणात आला आणि त्याने हीच परीक्षा केली म्हणतात. मिश्र मासळी बायकांपुढे ठेवली; त्यांनी खवले-परांचे तेवढे रांधायला उचलले. हे आपलेच लोक, अशी त्याची खात्री पटली. विचारणारा परका माणूस यावा लागला, ही गोष्ट मला दुखते.

त्यांच्या सणांची जुनी मराठी नावे दिवाळीच्या दिवसांत तरी वाचकांनी एकदा मोठ्याने म्हणून पाहावी. नवीन वर्षाचा तो नव्याचा सण. त्यानंतर खिरीचा सण. प्रायश्चित्ताच्या महाउपवासाला ते म्हणत दारफाळणीचा सण. त्या दिवशी शुभ्र वस्त्रे नेसायची, दार लावून घ्यायचे, दिवसभर कुणाशी व्यवहार करायचा नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण. तेव्हा गरिबांना द्यायचे, एकमेकांकडे जायचे. येरुशलेमचे मंदिर पडले त्या शोकाच्या दिवशी बिरडे करायचे. होळीच्या सुमाराला येणाऱ्या त्यांच्या सणाला होळीचाच सण म्हणायचे. उपवासाला मात्र शब्द मुसलमान शेजाऱ्याचा: रोजा. हिब्रू विसरली होती, पोथी नव्हती, शास्त्री नव्हता. देव एकच आहे एवढे सांगणारे ‘शमा’चे एक वाक्य जिभेवर राहिले होते आणि बाकीचा सगळा धर्म स्वयंपाकघराने सांभाळला होता.

इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की या शतकानुशतकांच्या काळात त्यांना सिनेगॉग नव्हते. भिंती, छप्पर, काही नाही. पहिले झाले ते १७९६ साली, मुंबईत. सामाजी हसाजी दिवेकर हा कंपनी सरकारच्या फौजेतला अंमलदार. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत तो कैद झाला. हे कैदी बेने इस्राएल आहेत, कुराणात त्यांचा उल्लेख आहे, असे टिपूच्या आईने सांगितल्यावरून त्याचा जीव वाचला, अशी कथा सांगतात. सुटून आल्यावर त्याने हे प्रार्थनाघर बांधले. पोथीवाचून प्रार्थनाघर कसले, म्हणून ती आणायला तो कोचीनला गेला आणि तिथेच १७९७ साली वारला. १८६० साली हे सिनेगॉग आजच्या जागी आले. त्याचे नाव ‘शार हाराहमीम’, म्हणजे दयेचे दार. ज्या रस्त्यावर ते आहे त्याला सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात, आणि जवळच्या मशीद बंदर स्टेशनाचे नाव या प्रार्थनाघरावरूनच पडले असे पुष्कळ जण मानतात. कारण बेने इस्राएल लोक त्याला मशीदच म्हणत.

मग कोकणात एकामागून एक घरे उठली. रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, पनवेल १८४९, पेण १८६३, ठाणे १८७९. अलिबागचे ‘मागेन आबोथ’ १९१० साली पुन्हा नव्याने बांधले. त्याच्या भोवतालच्या वस्तीला इस्राएल आळी म्हणतात. ही सिनेगॉगे पाहायला जाणाऱ्याने प्रागसारख्या कमानींची अपेक्षा धरू नये. लांबून पाहिले तर ती एखाद्या खोताच्या चौसोपी घरासारखी किंवा जुन्या शाळेसारखी दिसतात. पण आत शिरताच मांडणीचा अर्थ कळू लागतो. मधोमध कठड्याने वेढलेला, लाकडी चौथरा: तेबा. पोथी तिथे उभे राहून वाचायची, म्हणजे वाचणारा पुढे नव्हे तर माणसांच्या मधे असतो. पश्चिमेच्या भिंतीत पडदा लावलेले कपाट: हेखाल. त्यात सेफेर तोरा, चामड्याच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेली पोथी. तीत ३ लाख ४ हजार ८०५ अक्षरे असतात, आणि एक अक्षर जरी चुकले तरी दुरुस्त होईपर्यंत ती वाचनाला चालत नाही. ती जीर्ण झाली तर फेकत नाहीत. माणसाला पुरावे तशी पुरतात. वर कायम तेवणारा दिवा, छताला काचेच्या हंड्या, एक रिकामी खुर्ची एलिया संदेष्ट्याची. माडीवर बायकांचा सज्जा.

हेखाल पश्चिमेला, कारण येरुशलेम तिकडे. कोकणात पश्चिमेला समुद्र. ज्या पाण्याने पूर्वजांची गलबते बुडवली त्याच पाण्याकडे तोंड करून त्यांनी दीडपावणेदोनशे वर्षे प्रार्थना केली.

पुण्याचे ‘ओहेल दावीद’ मात्र निराळे. ते बगदादहून आलेल्या डेव्हिड ससूनने बांधवले. १८६३ साली काम सुरू झाले, १८६७ साली पुरे झाले. तांबडी वीट, उंच मनोरा, वर घड्याळ. अगदी विलायती चर्च. ससून १८६४ सालीच वारला. त्याची कबर आवारातच आहे. पुणेकरांनी त्याला नाव दिले लाल देऊळ. म्हणजे पाहा, मुंबईत ज्याला मशीद म्हणतात, पुण्यात ज्याला देऊळ म्हणतात आणि दिसायला जे चर्चसारखे आहे, ते एकाच धर्माचे घर! आपण सगळ्यांनी त्याला आपापल्या घरातला शब्द दिला. त्याचा स्वतःचा शब्द काय, हे विचारण्याची तसदी घेतली नाही.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा होईपर्यंत आमचा जिल्हा ठाणे. कचेरीच्या कामाला घाट उतरून ठाण्याला जायचे, आणि काम झाले नाही की गावात वेळ काढायचा. तिथल्या सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्यावरचे सिनेगॉग, ‘शार हाशामायिम’, म्हणजे स्वर्गाचे दार, मी असाच वेळ काढताना पाहिले. एका संध्याकाळी फाटकाशी एक वृद्ध गृहस्थ उभे होते. डोक्याला टोपी, हातात घडी केलेले वर्तमानपत्र. रस्त्याकडे डोळे लावून. मी मास्तर आहे, जव्हारकडचा आहे, हे कळल्यावर मोकळे बोलू लागले. आत कुणाच्या तरी वडिलांचे वर्षश्राद्ध होते (त्यांनी हाच शब्द वापरला), आणि मुलाला ‘कद्दीश’ म्हणायची होती.

कद्दीश ही मृतांसाठी म्हणायची प्रार्थना. गंमत अशी, की तीत मरणाचा शब्द नाही. देवाची नुसती थोरवी आहे. पण ती एकट्याने म्हणता येत नाही. बापासाठी रडायला मुलगा एकटा पुरतो. बापासाठी देवाला थोर म्हणायला मात्र दहा लागतात.

“आज आमचे नऊच झालेत, मास्तर,” ते म्हणाले.

“मी उभा राहिलो तर?” मी विचारले. थट्टा नव्हती. परगावच्या लग्नात अंतरपाट धरायला माणूस कमी पडला तर आपण धरतोच.

“तुम्ही शंभर जण उभे राहिलात तरी नऊच,” ते म्हणाले. आणि बोलणे तुटक वाटले असेल म्हणून लगेच, “बसा की आत. चहा सांगतो.”

मग त्यांनी मला मोजायची रीत दाखवली. माणसांना एक, दोन, तीन असे मोजायचे नाही, हा त्यांचा जुना संकेत. म्हणून दहा शब्दांचे एक वचन घेतात आणि एकेका माणसावर एकेक शब्द ठेवत जातात. वचन पुरे झाले की माणसे पुरी झाली. ते ऐकून मला आमचे खळे आठवले. धान्य मापताना आपणही पहिल्या मापाला एक म्हणत नाही. ‘लाभ’ म्हणतो, मग दोन, तीन. देवाच्या देण्याला उघडा आकडा लावायचा संकोच दोन्हीकडे सारखाच. त्या संध्याकाळी त्यांचे वचन एका शब्दावाचून अडले होते. माझी शेवटची एस. टी. सुटायची वेळ झाली आणि मी निघालो. दहावा आला की नाही, मला कळले नाही.

घाट चढताना माझ्या मनात आले, की दहा हवेत हे ठीक; पण दहांत धरायचे कुणाला, हे कोण ठरवतो? आणि इथे या कथेचा गोडवा संपतो. मुंबई-पुण्याचे बगदादी यहुदी एकेकाळी बेने इस्राएलांना आपल्या दहांत धरत नसत. तुमचे यहुदीपण शुद्ध नाही, असा त्यांचा आक्षेप. पुण्यात बेने इस्राएलांनी १९२१ साली रास्ता पेठेत आपले ‘सुक्कथ शेलोमो’ वेगळे बांधले. देव एक, पोथी एक, शहर एक, घरे दोन. आणि ज्यांना असे वगळले त्या बेने इस्राएलांत तरी काय होते? गोरे आणि काळे असे दोन तट. ज्यांच्या कुळात बाहेरचे रक्त आले असे मानले जाई ते काळे, आणि त्यांच्याशी गोऱ्यांचा रोटीबेटीचा व्यवहार नसे. ही रीत त्यांनी येरुशलेमहून आणलेली नव्हती. ती त्यांनी आपल्याकडूनच घेतली, लुगड्याबरोबर आणि मंगळसूत्राबरोबर. वर सज्जात बसलेल्या बायका तर कुठल्याच मोजणीत नव्हत्या. ज्यांच्या चुलीने धर्म हजारभर वर्षे टिकवला, त्या!

१९४८ साली इस्रायल राष्ट्र झाले आणि बेने इस्राएल तिकडे जाऊ लागले. तिथेही १९६१-६२ च्या सुमारास तिथल्या धर्मपीठाने यांच्या लग्नाआधी कुळाची चौकशी मागितली. म्हणजे नवगावच्या किनाऱ्यापासून निघालेली माणसे देवाच्या दारात पोचली आणि तिथे पुन्हा गणती! त्यांनी चळवळ केली, रस्त्यावर बसले, आणि १९६४ साली तिथल्या लोकसभेने जाहीर केले, की हे सर्वार्थाने यहुदी आहेत. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली ती २०१६ साली. तोवर सरकारी अर्जात त्यांची जागा ‘इतर’ या रकान्यात. १९५१ च्या जनगणनेत देशभरचे सगळे यहुदी मिळून सुमारे २६ हजार होते. आज ते पाच हजारांच्या आतबाहेर आहेत.

आपण मराठी माणसे एका गोष्टीचा अभिमान सांगतो, आणि तो खोटा नाही: जगात सगळीकडे यहुद्यांचा छळ झाला, आपल्याकडे झाला नाही. तिकडे गेलेले बेने इस्राएलही हे आवर्जून सांगतात. पण मी या वाक्याकडे जितके पाहतो तितके ते मला अपुरे वाटते. छळ न करणे हा काही पराक्रम नव्हे. शेजाऱ्याच्या घराला आग न लावणाऱ्याला आपण शेजारधर्म पाळणारा म्हणत नाही. निदान तेवढ्यावरून म्हणत नाही. आपण त्यांना जागा दिली हे खरे. परंतु जागा दिली ती जातीच्या उतरंडीतली एक पायरी म्हणून, आणि एकदा पायरी दिली की तिच्यावरच्या माणसाकडे पाहायचे कारण उरत नाही. न विचारणे ही आपली सहिष्णुता होती. ती छळापेक्षा शतपटीने बरी. पण हजार वर्षे शेजारी राहून त्याचा शनिवार कशाचा हे जर मला ठाऊक नसेल, तर तो निघून जाताना माझे काय गेले, हे मला कसे कळणार?

सगळ्यांचेच असे नव्हते. १८३२ साली डॉ. जॉन विल्सनने हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले; त्याचा हेतू ख्रिस्ती धर्मप्रसाराचा होता, तरी बेने इस्राएलांना आपली भाषा परत मिळायला त्याची मदत झाली. आणि १८७४ साली पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात बेने इस्राएलांची ‘हगादा’ छापली गेली. मिसर देशातल्या दास्यातून सुटकेची कथा, सणाच्या रात्री घरात वाचायची, हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी. तिच्यातल्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका सणाच्या बिनखमिराच्या भाकऱ्या लाटताहेत. छापखान्यात ती पाने नजरेखालून घालताना कुणी ना कुणी मराठी माणूस ती कथा वाचून गेलाच असेल. मला असा शेजार हवा. त्याने धर्म सोडला नाही, दहांत उभा राहिला नाही. त्यांचे पुस्तक नीट छापून दिले.

आता माझ्या हजेरीपुस्तकाकडे येतो. जव्हार-मोखाड्यात दिवाळी झाली, भात झोडून झाले, की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर कामाला निघतात. मुले बरोबर जातात, ती थेट पावसाच्या तोंडाशी परततात. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा माझ्या वर्गात एकतीस नावे असतील आणि मुले असतील नऊ-दहा. कमी पटाच्या शाळा एकत्र कराव्यात असे अधूनमधून ऐकू येते. हिशेबाच्या दृष्टीने ते चूक म्हणता येणार नाही. नऊ मुलांपुढे एक मास्तर परवडत नसेल. मी हजेरी घेताना गेलेल्या मुलांचीही नावे पुकारतो. प्रत्येक नावानंतर बसलेली पोरे एका सुरात सांगतात, ‘भट्टीवर’. एकदा एका पाहुण्याने विचारले, गैरहजर आहेत हे ठाऊक असताना नाव घेऊन वेळ का दवडता? मी म्हटले, नाव घ्यायचे थांबवले की जूनमध्ये ते मूल परत येत नाही. हे कुठल्या शास्त्रात लिहिलेले नाही. माझा अनुभव एवढाच आहे.

म्हणून रिकाम्या सिनेगॉगांचे शेजाऱ्याने काय देणे लागते, असे मला कोणी विचारले, तर रंगसफेदीचे नाव मी पहिल्याने घेणार नाही. रंगसफेदी हवीच. मुंबईत काळ्या घोड्याजवळचे १८८४ सालचे ‘केनेसेथ एलियाहू’ २०१९ साली दुरुस्त होऊन पुन्हा निळेशार झाले, ते चांगलेच झाले. पण पाहायला येणारे कितीही आले तरी ते त्या दहांत धरता येत नाहीत. मला जास्त मोलाचा वाटतो तो कलकत्त्याचा प्रकार. तिथल्या सिनेगॉगांची राखण पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान कुटुंबे करीत आली आहेत, मूळची ओरिसाची. बाप गेला की मुलगा किल्ल्या घेतो. झुंबरे पुसतो, फरशी धुतो, कुणी यहुदी परदेशातून आला तर दार उघडतो. त्याची स्वतःची नमाज तो वेळेवर पढतो. यहुद्यांच्या मोजणीत तो शून्य आहे, आणि दार उघडायला माणूस तोच. आणि मुंबईत माझगावला १८७५ साली हाइम सॅम्युएल किहीमकरांनी बेने इस्राएल मुलांसाठी सुरू केलेली शाळा आहे, आजची सर एली कदूरी हायस्कूल. तिथे आता बहुसंख्य मुले इतर धर्मांची, मुख्यतः मुसलमान आहेत. मास्तर असल्यामुळे माझा पक्षपात होत असेल, पण सिनेगॉगपेक्षा ती शाळा सुदैवी. तिला अमुकच दहा लागत नाहीत. पाटीवर हात धरणारे कुणीही चालते.

गेलेल्यांचे काय झाले म्हणाल, तर ते दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामला अशा गावांत वसले. तिथे त्यांनी आपली सिनेगॉगे बांधली आणि तिथे दहा जमायला अडचण पडत नाही. एलिया संदेष्ट्याच्या नावाने पोहे, खोबरे, गूळ, वेलदोडे घालून मलिदा करतात. १ मे रोजी महाराष्ट्र दिनही करतात. त्यांनी तिथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. अडचण आहे ती निराळी: नातवंडांना हिब्रू घरच्यासारखी येते, मराठी येत नाही. इथे पेण-रेवदंड्याच्या हेखालांत पोथी आहे आणि वाचणारे थोडे. तिथे आजीने जपून ठेवलेले मराठी पुस्तक आहे आणि वाचणारी आजी एकटीच. तिच्या नातवाच्या आडनावात मात्र किहीम आहे, दिवे आगर आहे, रोहे आहे. शाळेत हजेरी घेताना तिथला मास्तर ते नाव त्याला जमेल तसे वाचत असेल, आणि पोरगे हात वर करून हिब्रूत ‘हजर’ म्हणत असेल.